टेकऑफनंतर ऑटोपायलट कधी आणि कसा लावायचा? लातूर ते देवणी, सिम्युलेटरवरचा धडा

या आठवड्याच्या व्हिडिओत मी बटणं दाबून दाखवली आहेत. पण व्हिडिओ बघताना हात चालत नाहीत आणि हात चालवताना व्हिडिओ मागं-पुढं करत बसावं लागतं. म्हणून हा लेख. मोबाईलवर उघडून शेजारी ठेवा आणि कॉम्प्युटरवर एकेक पायरी करत चला.

आता, उद्योगाच्या चॅनेलवर विमान कुठून आलं? तर सिम्युलेटरचा स्टॉल हा छोटा धंदा होऊ शकतो म्हणून. एक चांगला कॉम्प्युटर, मोठा स्क्रीन, जॉयस्टिक किंवा योक, एक खुर्ची. शाळेचं स्नेहसंमेलन, यात्रा, सुट्टीतली शिबिरं, नाहीतर लातूरसारख्या शहरात क्लासेसच्या भागात एक छोटी खोली. देवणी, उदगीर, निलंग्याकडच्या आकाशात बिदरच्या तळावरची हवाई दलाची विमानं पोरं लहानपणापासून बघतात. तिथं हॉक विमानांवर वैमानिकांचं प्रशिक्षण चालतं. त्यामुळे विमानाचं आकर्षण या भागात आधीच आहे, ते तुम्हाला तयार करायचं नाही. आकर्षण बघून आलेला माणूस पाच मिनिटांत खाली आपटला तर काय करायचं, हा खरा प्रश्न आहे.

कसंय बघा. टेकऑफ कुणालाही जमतो. इंजिन पूर्ण जोरात, धावपट्टी सरळ, वेग आला की हळूच ओढायचं. गिऱ्हाईक खूश! आणि नेमकी तिथून पुढची दोन मिनिटं घात करतात. नवा माणूस जॉयस्टिक मुठीत आवळून धरतो, नाक वर जातं, मग घाबरून खाली दाबतो, मग परत वर. दोन-तीन हेलकावे झाले की एकतर विमान जमिनीत, नाहीतर माणसाला गरगरायला लागतं. तुम्ही परत सुरुवातीपासून लावून देता, त्यात पाच मिनिटं जातात, मागं रांग उभी असते. समजा अर्ध्या तासाचे तुम्ही दोनशे रुपये घेता. दिवसात दहा जण झाले आणि त्यातल्या चौघांना दुसऱ्यांदा लावून द्यावं लागलं, तर वीस मिनिटं फुकट गेली, आणि वर ते चौघं बाहेर जाऊन सांगणार की काही मजा नाही. टेकऑफनंतर योग्य वेळी ऑटोपायलट लावता आला तर हे टळतं. गिऱ्हाईक निवांत खाली बघतो, आपलं गाव शोधतो, फोटो काढतो. तो पैसे त्याचेच देतो.

ऑटोपायलट म्हणजे काय, हे दोन शब्दांत. देवणी म्हटलं की लोकांना आधी देवणी गोवंश आठवतो, म्हणून तिथलंच उदाहरण देतो. रोजच्या वाटेचा बैल असला की गाडीवान डुलकी घेतो आणि बैल गाडी बरोबर घरी आणतो. पण वाटेतला ओढा आज भरलाय का, हे बैलावर सोडून चालत नाही. ऑटोपायलटचं त्याहून कडक आहे. बैल निदान पाण्यापाशी थांबेल तरी, ऑटोपायलट थांबणार नाही. तुम्ही जे आकडे लावले तेच तो पाळतो. आकडा चुकीचा लावला तर चुकीचाच आकडा इमानदारीनं पाळतो. ही गोष्ट जुनीच आहे. १९१४ साली लॉरेन्स स्पेरी यानं पॅरिसमध्ये लोकांसमोर विमान उडवताना दोन्ही हात वर करून दाखवले होते, विमान स्वतःच सरळ राहिलं. तेव्हापासून यंत्र सुधारत गेलं, तत्त्व तेच राहिलं.

विमान कोणतं घ्यायचं? गिऱ्हाईक म्हणणार, मला ते बिदरवालं द्या. देऊ नका. सेसना १७२ स्कायहॉक घ्या, तेही काचेच्या स्क्रीनवालं, म्हणजे गार्मिन जी-१००० असलेलं. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्येही आहे आणि एक्स-प्लेनमध्येही. जगभर खरे विद्यार्थी वैमानिक याच विमानावर शिकतात. हळू आहे, माफ करतं, आणि त्याचा ऑटोपायलट एकदा कळला की बाकीच्या बऱ्याच विमानांचा अर्धा कळतो.

आपला मार्ग लातूर विमानतळ ते देवणी. नकाशावर मोजलं तर सरळ रेषेत साधारण ६७ किलोमीटर, विमानाच्या भाषेत ३६ नॉटिकल मैल. दिशा पूर्वेकडे किंचित दक्षिणेला झुकलेली, म्हणजे सुमारे १०५ अंश. वाटेत लातूर शहर, मग शिरूर अनंतपाळचा परिसर, मग देवणी. चढाई धरून वीस-बावीस मिनिटं लागतात. अर्ध्या तासाच्या तिकिटात बरोबर बसतं. उतरणं यात धरू नका. देवणीवर एक गिरकी मारायची आणि थांबायचं. लँडिंग हा वेगळा धडा आहे आणि त्याचं तिकीटही वेगळं ठेवा.

जमिनीवर असतानाच लावायच्या गोष्टी

नव्वद टक्के गोंधळ इथंच टळतो असं माझं मत आहे. हवेत गेल्यावर नवशिक्याचं डोकं चालत नाही, म्हणून आकडे जमिनीवरच भरायचे.

पहिली गोष्ट उंची. इथं आपल्याकडच्या लोकांची एक खास अडचण आहे. परदेशातले शिकवणारे बहुतेक वेळा समुद्रालगतच्या विमानतळावरून उडतात. ते सांगतात, उंची २,००० लावा. तुम्ही लातूरला उभं राहून २,००० लावली तर? लातूर समुद्रसपाटीपासून साधारण दोन हजार फुटांवर आहे. उंचीमापक जमिनीवर उभं असतानाच दोन हजाराच्या आसपास दाखवतो, कारण तो उंची समुद्रसपाटीपासून मोजतो, तुमच्या पायाखालच्या जमिनीपासून नाही. म्हणजे तुम्ही ऑटोपायलटला सांगितलं की बाबा, जमिनीवरच राहा. म्हणून आपण ५,५०० लावू. जमिनीपासून ते साडेतीन हजारांच्या आत येतं, गावं-रस्ते-तलाव छान दिसतात. पूर्वेकडं जाणाऱ्या छोट्या विमानांनी विषम हजार अधिक पाचशे अशी उंची धरायची, हा खऱ्या उड्डाणातलाही संकेत आहे. गिऱ्हाइकाला तेवढं सांगितलं तरी त्याला वाटतं, इथं माणसाला काहीतरी माहिती आहे.

उंची लावायचं गोल बटण स्क्रीनच्या डाव्या बाजूला खाली असतं, त्यावर एएलटी लिहिलेलं. बाहेरचं कडं फिरवलं की हजारांनी बदलतं, आतलं फिरवलं की शंभरांनी. त्याआधी हवेचा दाब जुळवून घ्या. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये कीबोर्डवर बी दाबलं की तो आपोआप जुळतो. दाब जुळवला नाही तर उंचीमापकच खोटं बोलतो आणि मग पुढचं सगळं खोट्यावर उभं राहतं.

दुसरी गोष्ट दिशा. धावपट्टीवर मोठ्या अक्षरात आकडा लिहिलेला असतो. त्याला दहानं गुणलं की धावपट्टीची दिशा मिळते. नांदेडच्या धावपट्टीच्या एका टोकाला १० लिहिलंय, म्हणजे १०० अंश, आणि दुसऱ्या टोकाला २८, म्हणजे २८० अंश. तुम्ही ज्या टोकावरून उडणार त्याची दिशा एचडीजी नावाच्या बटणानं लावायची. विमान धावपट्टीवर सरळ उभं असताना तेच बटण आत दाबलं की निळा खुणेचा ठिपका आपोआप विमानाच्या नाकासमोर येतो. गुणाकारही करायला नको. देवणीची १०५ दिशा आत्ता लावू नका, नाहीतर ऑटोपायलट लागताच विमान कलंडायला लागेल आणि गिऱ्हाईक खुर्चीतून ओरडेल.

तिसरी गोष्ट, सिम्युलेटरच्या सेटिंगमध्ये संगणकाकडे विमान सोपवायची एक वेगळी सोय असते, तिला अनेक जण ऑटोपायलट समजतात. ती बंद ठेवा. ती लावली तर सगळं आपोआप होतं आणि शिकायला काहीच उरत नाही. गिऱ्हाइकालाही ते पटकन कळतं. फुकट व्हिडिओ बघितल्यासारखं त्याला वाटतं.

उडालो, आता कधी लावायचा?

थ्रॉटल पूर्ण पुढे. ५५ नॉटला हळूच ओढा. विमान उचललं की नाक आकाशात खुपसू नका, वेग ७५ ते ८० नॉटवर स्थिर होऊ द्या. हे हातानंच करायचं. गिऱ्हाइकाला हीच दोन मिनिटं स्वतः उडवल्याची मजा देतात, ती त्याच्याकडून काढून घेऊ नका.

मग ट्रिम. हा शब्द नवीन असेल तर असं समजा, जॉयस्टिकवर सतत जोर द्यावा लागतोय तो जोर एका चाकावर काढून ठेवायचा. ट्रिमचं चाक थोडं थोडं फिरवत राहा, जोपर्यंत हात सोडला तरी नाक जागेवर राहत नाही तोपर्यंत. पुष्कळ जण ही पायरी सोडतात आणि म्हणतात की ऑटोपायलट लावताच विमान झटका मारतं. झटका ऑटोपायलट मारत नाही. तुम्ही हातानं दाबून धरलेलं ओझं एकदम सुटतं, त्याचा तो झटका.

आता उंचीमापक बघा. जमिनीपासून किमान हजार फूट वर, म्हणजे लातूरहून उडताना साधारण तीन हजार शंभरच्या पुढे. वेग ८० नॉट. पंख सरळ. फ्लॅप वर घेतलेले. या चार गोष्टी जुळल्याशिवाय ऑटोपायलटला हात लावायचा नाही. खऱ्या विमानाच्या पुस्तकातही ऑटोपायलट लावायची किमान उंची आणि किमान वेग ठरवून दिलेले असतात. आपण त्याहून थोडं सैल धरतोय, कारण बसलेला माणूस नवा आहे.

जुळलं? मग क्रम असा: आधी एपी, मग एचडीजी, मग एफएलसी.

नुसतं एपी दाबून थांबलात तर काय होतं हे एकदा मुद्दाम करून बघा. वर हिरव्या अक्षरात आरओएल आणि पीआयटी दिसेल. म्हणजे विमान आत्ता जितकं कललंय आणि नाक जितकं वर आहे, तेवढंच धरून ठेवणार. कुठं जायचं, किती वेगानं जायचं याचं त्याला काही घेणं नाही. ‘एपी दाबलं म्हणजे झालं’ हा समज इथं संपतो. एचडीजी दाबलं की ते निळ्या खुणेच्या दिशेनं जाईल. एफएलसी दाबलं की त्या क्षणी जो वेग आहे तो धरून चढत राहील. म्हणूनच आधी ८० नॉट व्हायला हवेत. ६५ वर दाबलं तर तो ६५च धरून बसेल.

एफएलसी की व्हीएस?

या प्रश्नावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण सिम्युलेटरमधली बहुतेक विमानं इथंच पडतात.

चढायचे दोन मार्ग आहेत. व्हीएस म्हणजे मिनिटाला अमुक फूट चढ असं सांगणं. एफएलसी म्हणजे अमुक वेग धरून जमेल तेवढं चढ असं सांगणं. ऐकायला सारखं वाटतं. फरक मे महिन्यात कळतो.

या सेसनाचा समुद्रसपाटीवरचा कमाल चढ मिनिटाला सातशे तीस फुटांच्या आसपास आहे, तोही साधारण १५ अंश तापमानात. आता सिम्युलेटरला लाइव्ह हवामान लावा आणि मे महिन्यातल्या दुपारी दोनला लातूरहून उडा. बाहेर ४० अंश. दोन हजार फुटांवर प्रमाणित तापमान ११ अंश धरलेलं असतं, म्हणजे आपण २९ अंशांनी वर आहोत. गरम हवा विरळ असते. दर अंशाला सुमारे १२० फूट या ढोबळ हिशेबानं, विमानाला वाटतं की ते दोन हजारावर नाही, साडेपाच हजार फुटांवर उभं आहे. इंजिनाला हवा कमी, पंखांना हवा कमी, पंख्याला हवा कमी. चढ सहाशेच्याही खाली येतो.

अशा वेळी तुम्ही कुठल्यातरी व्हिडिओत बघून व्हीएस १,००० लावला. ऑटोपायलट नाही म्हणत नाही. तो नाक वर उचलतो. चढ होत नाही, मग आणखी उचलतो. वेग ७५, ७०, ६२, ५५... या सेसनाच्या इंजिनाचं थ्रॉटल ऑटोपायलटच्या हातात नाही, ते तुमच्या हातात आहे आणि ते आधीच पूर्ण पुढे आहे. शेवटी भोंगा वाजतो, ऑटोपायलट सुटतो आणि विमान नाक खाली करून कोसळतं. गिऱ्हाईक म्हणतो, तुमचं मशीन बिघडलंय.

एफएलसीमध्ये हे होत नाही. तो ८० नॉट सोडत नाही. गरमी असली तर चढ हळू होतो, एवढंच. मिनिटाला चारशे तर चारशे. म्हणून चढताना एफएलसी, हा आपल्या स्टॉलचा नियम करून टाका. व्हीएस उतरताना वापरू, तो पुढच्या भागात.

खरं सांगू का, नव्या दुकानदाराला मी हेच सांगतो. महिन्याला अमुक विक्री झालीच पाहिजे असं ठरवून उधारीवर माल वाढवत गेलं की आधी रोकड संपते, विक्री नंतर. पण तो वेगळा विषय आहे, त्यावर आधी व्हिडिओ केलाय. इथं विमानावरच राहू.

उंची गाठली, आता थ्रॉटल

चढत असताना वरच्या पट्टीत पांढऱ्या अक्षरात एएलटीएस दिसेल. म्हणजे ५,५०० आलं की थांबायचं हे त्यानं लक्षात ठेवलंय. जवळ आलं की ते हिरवं होतं आणि विमान आपोआप सपाट होतं. तुम्ही काहीच दाबायचं नाही.

इथं एक नेहमीचा घोळ. उंची लावायचं गोल बटण आणि एएलटी नावाचं दाबायचं बटण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दाबायचं एएलटी बटण म्हणजे ‘आत्ता जिथं आहेस तिथंच थांब’. ३,६०० वर दाबलंत तर ३,६०० वरच थांबेल, तुम्ही लावलेले ५,५०० विसरून. गिऱ्हाईक विचारेल विमान वर का जाईना, तर आधी हेच तपासा.

सपाट झालं की वेग वाढायला लागतो, कारण थ्रॉटल अजून पूर्ण पुढेच आहे. ते ओढून आरपीएम २,३०० ते २,४०० च्या मधे आणा. वेग साधारण १०० ते ११० नॉटवर बसतो. हे काम तुमचं, ऑटोपायलटचं नाही. उलटही लक्षात ठेवा, कुणी गंमत म्हणून थ्रॉटल पूर्ण मागं ओढलं तर ऑटोपायलट उंची सोडणार नाही, वेग संपेपर्यंत नाक वर करत राहील.

आता खुणेचा ठिपका हळूहळू १०५ वर फिरवा. विमान सावकाश वळतं. गिऱ्हाइकाला सांगा, दादा, आता हात सोडा आणि खिडकीतून बघा.

वाऱ्याचं एक सांगायचं राहिलं. एचडीजी नाकाची दिशा धरतो, जमिनीवरची वाट नाही. आडवा वारा १५ नॉटचा असेल तर ३६ मैलांत तुम्ही वाटेपासून पाच मैल बाजूला जाऊ शकता. पाच मैल म्हणजे नऊ-दहा किलोमीटर. देवणी बघायला आलेल्या माणसाला तुम्ही भलतंच गाव दाखवून मोकळे व्हाल, आणि आपलं गाव माणूस वरूनही ओळखतो बरं का! म्हणून उडायच्या आधी सिम्युलेटरच्या जगाच्या नकाशावर देवणीवर क्लिक करून ते ठिकाण म्हणून लावून ठेवा. हवेत सपाट झाल्यावर खाली सीडीआयचं बटण बघा, जीपीएस लिहिलेलं असलं पाहिजे. मग एनएव्ही दाबा. आता तो वाऱ्याचा हिशेब धरून रेषेवर राहतो. तिथं जीपीएसऐवजी व्हीओआर किंवा एलओसी असेल तर तो रेडिओचा संकेत शोधत भरकटतो.

वरची पट्टी वाचायची सवय

बटणं दाबता येणं सोपं आहे. दाबल्यावर ऑटोपायलटनं नेमकं काय ऐकलं, हे वरच्या पट्टीत लिहिलेलं असतं. हिरवं म्हणजे आत्ता चालू, पांढरं म्हणजे पुढं होणार. प्रत्येक बटणानंतर डोळे तिथं गेले पाहिजेत, आणि मोठ्यानं वाचा. ‘एचडीजी, एफएलसी, एएलटीएस.’ लाजू नका, खरे वैमानिकही मोठ्यानं वाचतात.

याची किंमत आपल्या देशानं मोजलेली आहे. १४ फेब्रुवारी १९९० रोजी इंडियन एअरलाइन्सचं एअरबस ए-३२० विमान मुंबईहून बेंगळुरूला निघालं होतं. विमानात १४६ जण होते. उतरताना विमान अशा मोडमध्ये होतं की इंजिनं अगदी मंद चालत होती आणि उंची कमी होत होती. धावपट्टी जवळ आली तरी तोच मोड राहिला, इंजिनांना जोर द्यायला उशीर झाला आणि विमान धावपट्टीच्या अलीकडेच पडलं. ९२ जण गेले. विमान नवं होतं, त्यातलं तंत्र त्या काळातलं सर्वांत पुढचं होतं. यंत्र कोणत्या मोडमध्ये आहे आणि त्यामुळे पुढच्या दहा सेकंदांत काय होणार, हे ओळखून वेळेत हात हलवणं माणसाचंच काम होतं. तुमच्या स्टॉलवर कुणाचा जीव जाणार नाही. पण तुमच्या खुर्चीत बसलेला एखादा मुलगा उद्या खरंच कॉकपिटमध्ये बसेल, आणि पट्टी वाचायची सवय त्याला पहिल्यांदा तुमच्याकडं लागली असेल, एवढं मनात ठेवून शिकवा.

गिऱ्हाईक मधेच जॉयस्टिक ओढतं तेव्हा

ओढणारच. ऑटोपायलट चालू असताना जॉयस्टिक ओढली की तो उलटा जोर लावायला लागतो, ट्रिम फिरवत जातो. मग ऑटोपायलट सुटला की नाक एकदम भलतीकडं. त्याला हातानं उडवायचंच असेल तर आधी ऑटोपायलट नीट सोडवून द्या. योकवर लाल बटण असतं, नाहीतर एपी परत दाबा. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये कीबोर्डवर झेड. सोडवताना सांगायचं, ‘आता विमान तुमचं.’ परत लावताना, ‘आता विमान यंत्राचं.’ दोघांनाही वाटतंय की दुसरा धरून बसलाय, अशी वेळ येऊ द्यायची नाही.

स्टॉलवर मदतीला पोरगा ठेवणार असाल तर त्याला हा सगळा लेख पाठ करायला लावू नका. एका पुठ्ठ्यावर जाड अक्षरात एवढंच लिहून स्क्रीनच्या कडेला चिकटवा: जमिनीवर बी, उंची ५५००, एचडीजी आत दाब. हवेत ३१०० च्या वर, ८० नॉट, ट्रिम. एपी, एचडीजी, एफएलसी. सपाट झालं की २३००. मग एनएव्ही. पट्टी वाच. नांदेडहून किंवा दुसरीकडून उडवणार असाल तर उंचीचे आकडे तिथल्या जमिनीप्रमाणे बदला, पुठ्ठा तोच चालवू नका.

पैसे घ्यायच्या आधी दोन गोष्टी

एक, लायसन्स. घरी खेळायला घेतलेली सिम्युलेटरची प्रत ही घरगुती वापरासाठी असते. तिच्यावर लोकांकडून पैसे घेऊन धंदा करायला परवानगी नसते. एक्स-प्लेनचं व्यावसायिक वापराचं लायसन्स वेगळं मिळतं, प्रीपार-थ्रीडीचीही वेगवेगळी लायसन्सं आहेत. हा खर्च भांडवलात पहिल्या दिवसापासून धरा आणि अटी नीट वाचून घ्या. ‘गावात कोण विचारतंय’ असं म्हणणारे भेटतील. मोठ्या शाळेनं किंवा कॉलेजनं शिबिरासाठी बोलावलं आणि बिल मागितलं की तेच विचारतात.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे. बोर्डावर ‘पायलट ट्रेनिंग’ असं लिहू नका. व्यावसायिक वैमानिकाच्या लायसन्ससाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, दोनशे तासांचं उड्डाण मागतं. सिम्युलेटरचे तास धरायचे तर ते यंत्रही त्यांनी मंजूर केलेलं लागतं. तुमच्या स्टॉलवरचा एक तासही त्यात धरला जात नाही. बारामती, गोंदियासारख्या ठिकाणी खऱ्या विमानांवर शिकवणाऱ्या संस्था आहेत आणि तो खर्च लाखांत जातो. आपल्या भागात मुलाच्या शिक्षणासाठी जमीन विकणारे आईबाप आहेत. तुमच्या बोर्डावरचा एक शब्द वाचून कुणी तो हिशेब करायला बसू नये. ‘विमान अनुभव’ लिहा, ‘सिम्युलेटर सफर’ लिहा. एखादी आई येऊन विचारेल, ‘भाऊ, माझा लेक पायलट होईल का?’ तर तिला सरळ सांगा की इथं त्याला आवड आहे का तेवढं कळेल. बारावीला फिजिक्स आणि गणित घे म्हणावं, वैद्यकीय तपासणी आधी करून घ्या, पैसे त्यानंतर. असं सांगणाऱ्याकडं लोक दुसऱ्या पोराला घेऊन परत येतात.

आता गृहपाठ. याच मार्गावर दहा वेळा उडा, पाच वेळा पहाटेच्या हवेत आणि पाच वेळा दुपारच्या लाइव्ह हवामानात. प्रत्येक वेळी ऑटोपायलट लावल्यापासून ५,५०० गाठायला किती मिनिटं लागली ते वहीत लिहा. मग एकदा मुद्दाम व्हीएस १,००० लावून वेगाचा आकडा कसा घसरतो ते शेवटपर्यंत बघा, गिऱ्हाईक नसताना. दहाव्या उड्डाणाला घरातल्या अशा माणसाला बसवा ज्यानं कधी कॉम्प्युटरला हात लावला नाही, आणि तुम्ही फक्त तोंडानं सांगा. जिथं तो अडखळेल तिथं तुमचं सांगणं कमी पडतंय, ती जागा पुठ्ठ्यावर नीट करा. पुढच्या भागात देवणीवरून परत लातूरकडं वळून उतरायला सुरुवात कधी करायची ते घेऊ.